मनगटात अजून काही नाही

वाशीच्या इस्पितळात, तळमजल्यावर
अकरा वर्षं मी लोकांची हाडं काढते.
श्वास धरा. हलू नका. सोडा.
पोटुशी राहिले तेव्हा मला उचलून
नोंदणीच्या खिडकीत बसवलं.
तिथं आतल्या मशीनची टकटक ऐकत
मी माझ्याच आतल्या सांगाड्याचा
अंदाज बांधत बसायचे.

मग ती आली.
पायाला पट्टी : बेबी ऑफ सुलक्षणा.
नाळ कापून तास झाला नसेल,
सिस्टरनं मांडीत सुई टोचली.
"के आहे, रक्त गोठायला."
तिनं असा टाहो फोडला
की शेजारच्या कॉटवरची बाई टाके विसरून हसली.
हाच के हाडातही राबतो म्हणे,
आलेला चुना जागच्या जागी धरून ठेवायला.
गवंड्याच्या हाताखालचा माणूस,
ज्याचं नाव कुठल्या इमारतीच्या पाटीवर नसतं.

डी मात्र रोजचा.
डॉक्टर कुरेशींनी लिहिलं :
चारशे युनिट, दिवसातून एकदा, वर्षभर.
मी म्हटलं, अंगावर पिते की!
ते चष्म्यावरून बघत म्हणाले,
"तुमच्या दुधात सगळं आहे. ही दोन तेवढी तोकडी."

रिक्षा कोपरखैरणे ओलांडेपर्यंत
मी ते वाक्य चघळत होते.
तोकडी.
माझा झगा भिजला होता दुधानं.

घणसोलीत ऊन आमच्याकडे उशिरा येतं.
आधी पारसिकचा डोंगर,
मग समोरचा एकवीस मजली टॉवर,
मग आमच्या गॅलरीची सरकती काच,
डासांसाठी लावलेली, हप्त्यांवर.
त्या काचेमागे मी तिला उताणी निजवायचे
आणि वाटायचं, झालं, मुरलं आत.
गावठाणातून मालिशला येणारी धर्माबाई मढवी
टाळूवर तेल थापता थापता म्हणाली,
"काचंतला ऊन बगाचा, खाचा नाय गो."
मी गप्प.
कुठला किरण कशातून जातो
यावर माझी परीक्षा झाली होती,
बासष्ट टक्के मिळाले होते.
काच ऊब आत सोडते,
नेमका कामाचा किरण बाहेर थोपवते.

दोन वर्षांपूर्वी तुर्भ्याचा एक मुलगा आला होता,
जितू, वय दीड, पाय कंसासारखे.
मनगटाच्या फोटोत टोकं फाकलेली,
विरलेल्या पदराच्या काठासारखी.
आईच्या बोटांना टिकल्यांचा गोंद होता.
घरात बसूनच पाकिटं भरायची ती,
बोळात, जिथं दुपारीही ट्यूबलाइट लागते.
"मोडलंय का?" तिनं विचारलं.
मोडलं नव्हतं.
घडायचंच राहिलं होतं.
चार महिन्यांनी तो परत आला.
टोकांवर एक पांढरी रेघ,
पट्टी ठेवून आखावी तशी.
डॉक्टरांच्या आधी ती मी पाहिली
आणि काही बोलले नाही.
आम्ही बोलायचं नसतं.

आता रात्री आठला, ड्रॉपर,
गालाच्या आतल्या बाजूला.
ती तोंड वाकडं करते, थांबते,
मग जीभ फिरवून बघते.
दूध माझंच. थेंब बाटलीतला.
पहिला आठवडा मी बाटली फडताळात मागं ठेवायचे,
कुणी पाहू नये अशी.
आता ती पाण्याच्या तांब्याशेजारी असते.

माझं बोट तिच्या मुठीत.
मी मनगट चाचपते.
जन्मताना तिथं फोटोत काही दिसत नाही,
आठही हाडं अजून कूर्चा, नुसता काळोख.
मला माहीत आहे, म्हणूनच
मी तिचा फोटो काढणार नाही.
दोन महिने झाले.
पहिलं हाड कदाचित आज धरेल,
कदाचित गुरुवारी, तिळाएवढं.
कुठल्याच खिडकीत नोंद होणार नाही.

श्वास धरा, मी मलाच सांगते.
हलू नका.

ती हलते.